एका डोळ्याचा पांढरा आणि दुसऱ्या डोळ्याचा पांढरा

धागाकर्ता : दुर्बीण

सर्वांना नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही पिकत आला आहे, पण डॉक्टरांनी दोन ऑपरेशनांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवले आहे. त्यामुळे सध्या माझ्याजवळ दोन वेगवेगळ्या वयांचे डोळे आहेत, आणि पस्तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवूनही जी गोष्ट मला पुरती उमगली नव्हती, ती आता रोज सकाळी अंगणात उभ्या उभ्या समजते आहे.

आमच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे. पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी त्याचे एक फूल हातात घेतले आणि आधी डावा, मग उजवा डोळा झाकून पाहिले. उजव्या डोळ्याला ते गर्द निळे दिसले, इतके की क्षणभर हात थांबला. डाव्या डोळ्याला तेच फूल राखाडीकडे झुकलेले, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे दिसले. मग देवघरातली चुन्याची भिंत पाहिली. उजव्याला ती पांढरी, किंबहुना किंचित निळसर. डाव्याला चहाचा डाग वाळल्यावर राहतो तशी पिवळट.

याचे कारण सरळ आहे. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळे आणि गढूळ होत जाते, आणि ते निळा-जांभळा प्रकाश अडवू लागते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचे निदान झाले होते. त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत तांबूस आणि मातकट रंग वाढत गेले, आणि १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर त्यालाही दोन डोळ्यांतल्या रंगांचा हाच फरक जाणवला. मला अस्वस्थ करणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. गेली आठ-दहा वर्षे माझ्या दोन्ही डोळ्यांत पिवळा प्रकाश शिरत होता, तरीही भिंत मला पांढरीच दिसत होती. कधी शंकासुद्धा आली नाही. मग ‘हे पांढरे आहे’ असे मला इतकी वर्षे कोण सांगत होते?

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांच्या मते पाहणे हे एक प्रकारचे अनुमान असते, फक्त ते आपल्या नकळत होते. डोळ्याकडून येणारी माहिती अपुरी असते आणि मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे तिचा अर्थ लावतो. आकड्यांकडे पाहिले तरी हे पटते. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास असतात, आणि त्यांची माहिती मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूत मात्र तंतू साधारण १० ते १२ लाखच असतात. शिवाय स्पष्ट दिसणारा भाग अगदी लहान असतो. हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. त्या नखाएवढ्याच भागात आपल्याला बारकावे दिसतात, बाकीचे सगळे अंधुक असते. तरीही संपूर्ण खोली एकसारखी स्पष्ट दिसते असे वाटते, कारण डोळा सेकंदाला दोन-तीन वेळा उडी घेऊन वेगवेगळे तुकडे गोळा करतो आणि मेंदू ते जोडतो. या उड्यांच्या वेळचे पुसट चित्र मेंदू दडपून टाकतो. आरशासमोर उभे राहून स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे नजर न्या. शेजारी उभ्या माणसाला तुमची बुबुळे हललेली दिसतील, तुम्हाला स्वतःला ती कधीच दिसणार नाहीत.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या रविवारच्या विज्ञान कट्ट्यावर हे सांगितले, तेव्हा चर्चा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळली. संगणक चित्र ओळखतो तेव्हा तो पाहतो असे म्हणावे का, आणि तोही आपल्यासारखेच अनुमान करतो का, यावर दोन तास बोलूनही आमचे एकमत झाले नाही. म्हणून हा धागा काढतो आहे. आपले अनुभव आणि माहिती, दोन्ही हवे आहेत.

प्रतिसाद : अबोली

दुर्बीण सर, अनुभव फार नेमका मांडलात. मी एकतीस वर्षे नेत्रविभागात परिचारिका होते. पट्टी सोडल्यावर आकाशाकडे पाहून रडलेली माणसे मी पाहिली आहेत. तुमची भिंत उजव्या डोळ्याला निळसर दिसते ना, ती काही आठवड्यांत, कदाचित काही महिन्यांत, पुन्हा साधी पांढरी दिसू लागेल. भिंग तेच राहील, पण मेंदू आपला ‘पांढरा’ नव्याने ठरवील. हा बदल संशोधकांनी मोजूनही पाहिला आहे.

तुमच्या डोळ्यात जी कृत्रिम लेन्स बसवली आहे तिचा इतिहासही सांगते. दुसऱ्या महायुद्धात काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिकच्या कपच्या शिरल्या होत्या, आणि डोळ्याने त्या निमूटपणे सामावून घेतल्या हे हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आले. त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनला त्याच जातीच्या पदार्थाची लेन्स पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली. त्यांच्याच व्यवसायातल्या अनेकांनी त्यांना पुढे बरीच वर्षे विरोध केला.

पण मला खरे बोलायचे आहे ते काचबिंदूबद्दल, कारण मेंदूच्या या पोकळ्या भरून काढण्याच्या सवयीची सर्वांत मोठी किंमत तिथे मोजावी लागते. आधी एक प्रयोग करा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. तिथे प्रत्येक निरोगी डोळ्यात अंधबिंदू असतो, कारण मज्जातंतू जिथून डोळ्याबाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एद्म मारियोत यांनी सतराव्या शतकात हे दाखवून दिले. आता त्या ठिपक्यातून जाणारी एक आडवी रेघ ओढा आणि पुन्हा पाहा. ठिपका जाईल, पण रेघ अखंड दिसेल. जे दिसतच नाही तिथे मेंदूने रेघ ओढून दिलेली असते.

काचबिंदूत मज्जातंतूचे तंतू हळूहळू मरतात आणि बहुतेक वेळा कडेची नजर आधी जाते. लोकांची कल्पना अशी असते की नजर गेली म्हणजे तिथे काळा डाग दिसेल. तसा डाग दिसत नाही. मेंदू आजूबाजूचे रंग पसरून ती जागा भरतो, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. आमच्याकडे आलेले एक गृहस्थ फक्त एवढेच सांगत होते की हल्ली दाराच्या चौकटीला खांदा लागतो आणि जेवताना ताटाशेजारचा तांब्या कलंडतो. तपासणी केली तेव्हा एका डोळ्याची निम्मी नजर गेलेली होती आणि ती परत येण्यासारखी नव्हती. त्यांना दिसणे कमी झाल्याचे एकदाही जाणवले नव्हते. म्हणून चाळिशी लागली की, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर न चुकता, डोळ्यातला दाब आणि मज्जातंतू तपासून घ्यावा, असे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

प्रतिसाद : नभांगण

मेंदूच्या अनुमानाचे सर्वांत सुंदर उदाहरण आपण दर कोजागिरीला पाहतो. उगवता चंद्र परातीएवढा आणि मध्यरात्री दुधात पडणारा चंद्र वाटीएवढा वाटतो. दोन्ही वेळा त्याचा कोन साधारण अर्ध्या अंशाचाच असतो. कागदाची बारीक नळी करून उगवता चंद्र तिच्यात नेमका मावेल अशी जुळवा, चिकटपट्टीने पक्की करा आणि डोक्यावर आल्यावर त्याच नळीतून पाहा. खरे तर डोक्यावरचा चंद्र तसूभर मोठाच असायला हवा, कारण तेव्हा तो आपल्याला पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर, जवळ असतो. हे सगळे ठाऊक असूनही पुढच्या कोजागिरीला क्षितिजावरचा चंद्र मला मोठाच दिसणार आहे. माहिती झाल्याने भास जात नाही, हे मला सर्वांत नवलाचे वाटते.

प्रतिसाद : मीमांसक

नभांगण यांनी शेवटी जे नवल व्यक्त केले आहे, त्यावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके वाद घातला आहे, म्हणून संस्कृतच्या एका निवृत्त प्राध्यापकाने मध्ये बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

अंधारात दोरीवर साप दिसतो, शिंपल्यावर चांदी दिसते. हे कसे घडते? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात की पूर्वी दुसरीकडे पाहिलेला साप सादृश्यामुळे स्मृतीतून उठतो आणि समोरच्या वस्तूवर बसतो, ही अन्यथाख्याती. प्रभाकराच्या मताचे मीमांसक म्हणतात की समोरचे ‘हे’ प्रत्यक्ष आहे आणि ‘चांदी’ ही आठवण आहे, दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत; त्या दोहोंतला भेद लक्षात येत नाही, एवढीच चूक आहे. अद्वैती म्हणतात की तो साप खरा नाही आणि अगदीच नाही असेही नाही, त्याचे निर्वचनच करता येत नाही. हेल्महोल्ट्झ यांचे नकळत होणारे अनुमान मला नैयायिकांच्या फार जवळचे वाटते, कारण दोहोंतही जुना अनुभव पुढे येऊन आजचे दृश्य घडवतो.

परंतु या चर्चेत सर्वांत उपयोगी पडेल अशी संज्ञा ‘बाध’ ही आहे. दिवा आणला, दोरी दिसली, की सर्पज्ञानाचा बाध होतो. नंतरचे ज्ञान आधीच्या ज्ञानाला रद्द करते. यातही अद्वैतींनी एक सूक्ष्म भेद केला आहे. दोरी ओळखल्यावर साप पुन्हा दिसत नाही. हा निरुपाधिक भ्रम. स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले तर स्फटिक लाल दिसतो, आणि तो मुळात पांढरा आहे हे कळल्यावरही फूल हलवेपर्यंत लालच दिसत राहतो. हा सोपाधिक भ्रम. कोजागिरीचा चंद्र दुसऱ्या प्रकारात बसतो. दुर्बीण सरांच्या प्रश्नाला जोडून मी एवढेच विचारीन की संगणकाच्या चुकीच्या ज्ञानाचा बाध कोण करतो? त्याला दिवा आणता येतो का?

प्रतिसाद : पिंपळपान

वरचे सर्व वाचून आज लिहावेसे वाटले. एरवी हा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

माझी आई चौऱ्याऐंशीव्या वर्षी आमच्याकडे पुण्यात राहत होती. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्यामुळे तिला समोरच्याचा चेहरा दिसत नसे, बाजूचे थोडेफार दिसे. एका दुपारी तिने मला शांतपणे विचारले, “झोपाळ्यावर परकर-पोलक्यातल्या तीन मुली बसल्या आहेत, त्या कुणाच्या?” झोपाळा रिकामा होता. पुढच्या आठवड्यांत त्या मुली वारंवार येऊ लागल्या. कधी भिंतीवर विटांची नक्षी पसरत असे, कधी फेटे बांधलेल्या बुटक्या माणसांची रांग खिडकीतून जात असे. कोणी बोलत नसे, आवाज नसे, आणि परकराच्या काठावरची वेलबुट्टी आईला स्पष्ट दिसत असे. जिला माझे नाक-डोळे दिसत नव्हते, तिला ती वेलबुट्टी दिसत होती.

नातेवाइकांपैकी एकांनी घराची शांत करा असे सुचवले. एका डॉक्टरांनी तिला तपासण्याआधीच विस्मरणाच्या आजाराचे नाव घेतले. आईने त्यानंतर बोलणेच बंद केले, कारण आपल्याला वेड्यात काढतील ही भीती तिला त्या मुलींपेक्षा मोठी वाटत होती. सात महिन्यांनी एका नेत्रतज्ज्ञांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि आपणहून विचारले, “आजी, नसलेली माणसे दिसतात का?” तिने माझ्याकडे पाहिले आणि मग सगळे सांगितले. ते म्हणाले की याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात, नजर गेलेल्या अनेकांना असे दिसते आणि याचा वेडाशी काहीही संबंध नाही. बोने हा जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ. त्याने १७६० मध्ये आपल्या आजोबांचे, शार्ल ल्युलँ यांचे, असेच अनुभव लिहून ठेवले होते. आजोबांची नजर मोतीबिंदूने गेली होती, बुद्धी शाबूत होती, आणि त्यांना माणसे, पक्षी, इमारती दिसत.

डॉक्टरांनी समजावले की डोळ्याकडून बातमी येणे थांबले की मेंदूचा दृष्टिविभाग स्वस्थ बसत नाही, तो आपल्या साठ्यातली चित्रे स्वतःच काढू लागतो. खोलीत उजेड वाढवा, भास झाला की नजर इकडून तिकडे हलवा, पापण्या मिटा-उघडा, एवढेच उपाय त्यांनी सांगितले. त्या दिवसानंतर मुली येतच राहिल्या, पण आईची भीती गेली. “आल्या बघ तुझ्या बहिणी,” असे म्हणून ती त्यांच्याबद्दल मला सांगू लागली. ज्यांच्या घरी नजर कमी झालेले वडीलधारे आहेत, त्यांनी हा प्रश्न त्यांना आपणहून विचारावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते स्वतः सांगत नाहीत.

आता माझी शंका. विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे लिहून देणाऱ्या संगणकाच्या भाषाप्रणालीने न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगितली की तिला ‘हॅल्युसिनेशन’, म्हणजे भास, झाले असे म्हणतात. आईला व्हायचे ते आणि हे, एकच आहे का?

प्रतिसाद : गणकयंत्र

पिंपळपान, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. मी १९७८ पासून निवृत्तीपर्यंत संगणकक्षेत्रात होतो आणि आता म्युनिकला मुलीकडे असतो. आपल्या शंकेचे उत्तर देण्यासाठी थोडे मागून यावे लागेल, कारण आजच्या यंत्रांचे मूळ दृष्टीच्याच संशोधनात आहे.

१९५८ मध्ये बाल्टिमोरला डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे मांजराच्या मेंदूच्या दृष्टिविभागात अतिसूक्ष्म तार घालून एकेका पेशीचे संदेश ऐकत होते. पडद्यावर काळे-पांढरे ठिपके दाखवून ते थकले, पेशी काही बोलेना. मग ठिपका असलेली काचपट्टी प्रक्षेपकात सरकवताना पेशी एकदम तडतडू लागली. पुष्कळ डोके खाजवल्यावर लक्षात आले की पेशीला ठिपक्याशी काही देणेघेणे नव्हते. काचपट्टीच्या कडेची जी पुसट सावली पडद्यावरून सरकत होती, त्या विशिष्ट दिशेला कललेल्या रेघेला ती प्रतिसाद देत होती. काही पेशी रेघा ओळखतात, त्यांच्या पुढच्या पेशी त्या रेघांच्या जुळण्या ओळखतात, असे थर त्यातून उलगडत गेले. १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

त्याच १९५८ च्या सुमारास फ्रँक रोझेनब्लॅट यांनी अमेरिकेत परसेप्ट्रॉन नावाचे यंत्र पुढे आणले होते. त्याचा ‘डोळा’ वीस बाय वीस अशा ४०० प्रकाशघटांचा होता, आणि चुका दाखवून दिल्या की ते आपल्या जोडण्यांची ताकद बदलून शिकत असे. जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये ह्यूबेल-वीझेल यांचे थर समोर ठेवून चेताजाल, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यासारखी संगणकी रचना, तयार केले. १९८९ मध्ये यान लकून आणि सहकाऱ्यांनी अशाच जालाला पाकिटांवरचे हस्तलिखित पिनकोड वाचायला शिकवले. आणि २०१२ मध्ये जेफ्री हिंटन यांच्या टोरांटोमधल्या गटाने १२ लाख छायाचित्रांवर शिकवलेल्या जालाने हजार प्रकारच्या वस्तू ओळखण्याच्या स्पर्धेत चुकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक २६ टक्क्यांवर होता. त्या जालाच्या पहिल्या थरात काय तयार झाले ते उघडून पाहिले, तेव्हा तिथे वेगवेगळ्या दिशांना कललेल्या रेघा होत्या. त्या कोणी घातल्या नव्हत्या. मांजराच्या मेंदूतली गोष्ट यंत्राने चित्रे पाहून स्वतः शोधली, हे मला आजही रोमांचक वाटते.

आता आपल्या आईंच्या अनुभवाबद्दल. हिंटन यांना २०२४ मध्ये जॉन हॉपफिल्ड यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते ज्या कामासाठी मिळाले त्यात बोल्ट्झमन मशीन नावाचे एक जाल आहे. हे जाल समोरचे चित्र ओळखते आणि शिकलेल्यासारखी चित्रे स्वतः निर्माणही करू शकते. २०१३ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी अशा जालाला साधी चित्रे शिकवली आणि मग त्याची ‘नजर’ काढून घेतली. जालातल्या घटकांना आपली नेहमीची हालचाल टिकवण्याची सोय दिलेली होती, त्यामुळे ते अधिकाधिक संवेदनशील होत गेले, आणि काही काळाने समोर काहीही नसताना त्यांच्या आत पूर्वी शिकलेली चित्रे उमटू लागली. संशोधकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच शार्ल बोनेचे नाव घातले होते. तेव्हा साम्य आहे, आणि ते वरवरचे नाही.

भाषाप्रणालीचे मात्र वेगळे आहे. तिला प्रचंड मजकूर वाचायला देऊन पुढचा शब्द कोणता येईल एवढे ओळखायला शिकवलेले असते. एवढ्यातूनच ती पुष्कळ काही शिकते, हे मान्य करायला हवे. पण ती खरे सांगते आणि खोटे सांगते तेव्हा तिच्या आत एकच क्रिया चाललेली असते. मीमांसक सरांचा ‘बाध’ इथे अगदी चपखल बसतो. आपल्या आईंजवळ बाधाची साधने होती: झोपाळ्याची कडी वाजत नव्हती, हात लावला तर फळी रिकामी होती, आणि आपण शेजारी होतात. म्हणून मुली दिसत असतानाही त्या नाहीत हे त्यांना पुढे कळू शकले. प्रणालीला आपण बाहेरून शोधयंत्र, गणित पडताळणारी आज्ञावली, माणसाची दुरुस्ती असे दिवे आणून देतो, आणि तेवढ्यापुरती ती सुधारते. स्वतः उठून झोपाळ्याला हात लावून पाहणे तिला शक्य नसते.

चित्रे ओळखणाऱ्या जालाचा एक भ्रमही सांगून ठेवतो. पांडाच्या छायाचित्रात माणसाच्या नजरेला मुळीच कळणार नाही इतका बारीक, पण हिशेबाने निवडलेला बदल केला की तेच जाल त्याला ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने गिबन नावाचा बिनशेपटीचा वानर म्हणते. आपल्याला चंद्र फसवतो, त्याला हे फसवते. दोघांची अनुमाने वेगळ्या ठिकाणी मोडतात, त्यावरून दोघांचे ‘पाहणे’ एक नाही असे मी मानतो.

प्रतिसाद : रांगोळी

१२ लाख छायाचित्रे! आमच्या बालवाडीतले मूल दोन-चार मांजरे पाहून पाचवे ओळखते. मी दिल्लीत वाढले आणि तिथेच शिकवले, म्हणून तिथलेच एक काम सांगते.

१६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानांनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने विचारले होते की जन्मांध माणसाने हाताने गोळा आणि घन ओळखायला शिकल्यावर त्याला अचानक दृष्टी मिळाली, तर तो न शिवता, नुसते पाहून गोळा कोणता आणि घन कोणता हे सांगू शकेल का? तीनशे वर्षे या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर मिळाले नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू करून उत्तर भारतातल्या खेड्यांमधल्या, जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांची दिल्लीत ऑपरेशने घडवून आणली, आणि २०११ मध्ये त्यांच्या गटाने उत्तर प्रसिद्ध केले. आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना पट्टी निघाल्यावर हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखता आली नाही. मात्र थोड्याच दिवसांत ती ओळखू लागली. मोठ्या वयात दृष्टी मिळून उपयोग नाही ही समजूत त्या मुलांनी खोटी ठरवली. त्यांना सुरुवातीला चित्रातल्या वस्तू एकमेकींपासून सुट्या करता येत नसत. एकमेकांवर आलेले गोल आणि चौकोन त्यांना तुकड्यांचे ठिगळ वाटत. वस्तू हलू लागली की ती एकदम सुटी दिसे.

याच कामातून यंत्रांसाठीही एक धडा निघाला. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने अंधुक दिसते आणि रंगही नीट कळत नाहीत. सिन्हा यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की चेताजालाला आधी अंधुक चेहरे आणि मग स्पष्ट चेहरे शिकवले, तर ते पहिल्यापासून स्पष्ट चेहरे पाहिलेल्या जालापेक्षा चेहरे अधिक भरवशाने ओळखते, कारण त्याला चेहरा अख्खा पाहण्याची सवय लागते. २०२४ मध्ये रंगांच्या बाबतीतही असेच आढळले. मोठेपणी दृष्टी मिळालेल्या मुलांना कृष्णधवल चित्रातल्या वस्तू ओळखणे रंगीत चित्रापेक्षा अवघड जाते, आणि आधी कृष्णधवल, मग रंगीत असे शिकवलेले जाल रंग बदलले तरी गोंधळत नाही. बाळाच्या अधू नजरेत एवढी योजना दडलेली असेल, हे नातवंडे मांडीवर खेळवताना माझ्या कधी मनात आले नव्हते.

प्रतिसाद : अबोली

रांगोळीताई, त्या मुलांबद्दल वाचून डोळे भरून आले.

यंत्र पाहते की नाही हे मला ठरवता येणार नाही, पण माझ्या क्षेत्रात ते काय करते एवढे सांगू शकते. मधुमेहाने दृष्टिपटलावर सूक्ष्म रक्तस्राव होतात आणि रुग्णाला बराच काळ काही कळत नाही. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक दृष्टिपटलांच्या छायाचित्रांवर शिकवलेले जाल प्रसिद्ध केले. मदुराईचे अरविंद नेत्ररुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय या कामात सहभागी होते. उपचाराची गरज असलेला आजार ते नेत्रतज्ज्ञांच्या तोडीने ओळखत होते. पुढे २०१८ मध्ये अशाच जालाने नुसत्या दृष्टिपटलावरून तो डोळा बाईचा की पुरुषाचा हे जवळजवळ अचूक सांगितले. हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही, आणि यंत्र नेमके काय पाहून सांगते ते त्याच्या कर्त्यांनाही नीट सांगता आले नव्हते.

मग तेच यंत्र थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत नेले, तेव्हा पाचातले एक छायाचित्र त्याने ‘दर्जा पुरेसा नाही’ म्हणून नाकारले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, रांग मोठी होती. मला तिथल्या परिचारिका डोळ्यांसमोर दिसतात. आमच्या शिबिरांतही शाळेच्या वर्गाच्या खिडक्यांना चादरी बांधून आम्ही अंधार करत असू, आणि हनुवटी टेकवलेल्या आजींचे डोके मागून धरून ठेवायला एक जण लागे. यंत्राला दिवे आपण आणून देतो असे गणकयंत्र म्हणाले. कधी कधी त्याला अंधारही आपणच आणून द्यावा लागतो. तरी मी त्याच्या बाजूची आहे. गावोगावी दृष्टिपटल पाहणारा डॉक्टर पोचत नाही, आणि यंत्राने शंभरांतून पुढे पाठवायचे वीस जण निवडून दिले, तर त्या वीस जणांची नजर वाचते.

प्रतिसाद : दुर्बीण

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी हा संपूर्ण धागा कट्ट्यावर वाचून दाखवला. अबोलीताईंच्या सूचनेप्रमाणे बावीस जणांनी फुली आणि ठिपक्याचा प्रयोग केला, मग प्रत्येकाने एकेक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरच्या चारही कडा दिसतात का ते पाहिले. हा काही तपासणीला पर्याय नाही, हे सर्वांना सांगितले. आमच्यातल्या एका बाईंना डाव्या डोळ्याने खालच्या कोपऱ्यातल्या तारखा सापडेनात. त्या बुधवारी सुनेला घेऊन दाब तपासायला गेल्या, आणि काल त्यांना रोज रात्री टाकायचे थेंब सुरू झाले आहेत. पिंपळपान यांचा मजकूर वाचून झाल्यावर एक वयोवृद्ध सभासद बराच वेळ गप्प बसले आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले की त्यांनाही वर्षभर भिंतीवर वेली दिसतात. त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जाण्याचे मी ठरवले आहे.

यंत्राबद्दलचे माझे मत थोडे बदलले आहे. ते अनुमान करते हे मी आता मान्य करतो. त्याला पाहणे म्हणायला मी अजून तयार नाही, कारण गोकर्णाच्या फुलाबद्दल शंका आली तेव्हा मला दुसरा डोळा उघडता आला, आणि गणकयंत्र यांनी म्हटले तसे त्याला ते आपल्यावाचून करता येत नाही.

माझ्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. तोपर्यंत दोन वेगळे डोळे वापरण्याची ही संधी वाया जाऊ नये म्हणून रंगाच्या दुकानातून भिंतीच्या रंगांचे शेडकार्ड आणले आहे. रोज सकाळी आठ वाजता, व्हरांड्यात त्याच खुर्चीवर बसून, कोरा पांढरा कागद डाव्या डोळ्याने पाहायचा आणि उजव्या डोळ्याने त्याच्याशी जुळणारी पट्टी शोधायची, असा क्रम ठेवला आहे. डाव्या डोळ्याचा पांढरा आज उजव्या डोळ्याच्या हिशेबाने ‘हस्तिदंती’ आणि ‘हळदी साय’ यांच्या मधोमध बसतो. पट्टीचा क्रमांक वहीत टिपला आहे. मंगळवारनंतर उजवी-डावीची तुलना करता येणार नाही, पण दोन्ही डोळ्यांचा निळसरपणा किती आठवड्यांत मावळतो याची नोंद मी पुढे ठेवीन आणि याच धाग्यावर देत राहीन.